शीर ताणली जाते तेव्हा आत नेमकं काय ताणलं जातं?

पांझराकाठ (धागाकर्ता)

पोलीस भरती निघणार अशी हवा उठली की धुळ्यात पहाटे पाचला रस्त्यावर पोरंच पोरं. 1600 मीटरची वेळ खाली आणायची असते. मैदान मिळालं नाही तर डांबरावर पळतात, आणि महिन्याभरात त्यातली बरीच टाचेच्या वरची जाड शीर चोळत कट्ट्यावर बसलेली दिसतात. मग सल्ले सुरू. एक म्हणतो शीर आखडली, ताण दे. दुसरा म्हणतो शीर ताणली गेलीये, ताण देऊ नको.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. औषध विचारू नका. पण "ताणली जाते" म्हणजे आत लांब काय होतं, हा प्रश्न माझ्या विषयात बसतो आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे. त्यावर हा धागा.

शीर म्हणजे इथे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी चिवट पट्टी. पाणी वगळलं तर तिच्यात मुख्यतः कोलाजेन. कोलाजेनचा एक रेणू साधारण 300 नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. त्यात तीन साखळ्या, प्रत्येकीत हजाराच्या आसपास अमिनो आम्लं, आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसीन. ग्लायसीनच का? तिन्ही साखळ्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे त्याच्याहून मोठं काही मावतच नाही.

अंबाडीचा दोर वळताना पाहिला असेल तर पुढचं लगेच कळेल. एकेक पेड एका बाजूला पिळतात आणि तीन पेड एकत्र करताना उलट्या बाजूला वळतात, म्हणून दोर उकलत नाही. कोलाजेनमध्ये तेच आहे: प्रत्येक साखळीचा पीळ डावा, तिघींचा मिळून उजवा. ही तीन पेडांची रचना 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. त्यांनी क्ष-किरण चित्रांसाठी वापरलेला नमुना कांगारूच्या शेपटीच्या कंडरेचा होता, हा तपशील मला फार आवडतो.

आता खरी गंमत. हे रेणू एकाशेजारी एक सरळ रचलेले नसतात. प्रत्येक रेणू शेजारच्यापेक्षा सुमारे 67 नॅनोमीटर पुढे सरकवून बसवलेला असतो. रेणूची लांबी 67 च्या पूर्ण पटीत येत नाही, साडेचार पटीच्या जरा आत येते. त्यामुळे एका रेणूचं शेपूट आणि पुढच्याचं डोकं यांच्यात मोकळी जागा राहते. दर 67 नॅनोमीटरमध्ये सुमारे 36 चा भाग विरळ आणि 31 चा दाट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली म्हणूनच कोलाजेनच्या तंतुकावर, म्हणजे अशा रेणूंच्या बारीक जुडीवर, आडवे पट्टे दिसतात. हे गणित हॉज आणि पेट्रुस्का यांनी 1963 मध्ये जुळवलं. असे तंतुक मिळून तंतू, तंतूंचे जुडगे, जुडग्यांची कंडरा.

माझा मुद्दा एवढाच: कंडरा 4 टक्के लांब झाली म्हणजे तिच्यातला प्रत्येक रेणू 4 टक्के लांब झाला असं अजिबात होत नाही. रेणूच्या वाट्याला फार थोडं येतं. बाकीचं सरकण्यात जातं. आणि दुखणं कुठून येतं हे समजायचं तर ते "बाकीचं" समजायला हवं.

भरतीवाला_शिरपूर

सर, बठ्ठं समजनं. पन मनी टाच दुखस, तेनं काय?

पांझराकाठ

भो, तुझ्यासाठीच लिहितोय. जरा दम धर, फिजिओ ताई येतीलच.

सूक्ष्मदर्शी

मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात पदार्थशास्त्रात संशोधन करतो. सरांनी चांगलं मांडलंय, पण ओढल्यावर काय होतं याचा क्रम सांगायला हवा, नाहीतर "सरकतं" एवढ्यावर गोष्ट संपते.

पहिली पायरी नॅनोची नाहीच. विश्रांतीतल्या कंडरेत तंतू नागमोडी असतात. हलका ओढ दिला की आधी ती नागमोड सरळ होते. साधारण पहिले 2 टक्के यात जातात आणि बळ फारसं लागत नाही. म्हणून लांबी आणि बळ यांच्या आलेखाचा पाय सपाट असतो.

दुसरी पायरी रेणूंची. विरळ भागात रेणूंना थोडी मोकळीक असल्याने ते तिथे किंचित वाकडेतिकडे झालेले असतात, उष्णतेच्या थरथरीने. ओढल्यावर ही वाकडं सरळ होतात. पीटर फ्राट्झल आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये उंदराच्या शेपटीच्या कंडरेवर हे दाखवलं. आलेख सपाटीवरून चढाला लागताना जो वळतो, त्या वळणाचा अर्थ त्यांनी असा लावला.

तिसरी पायरी म्हणजे सरळ चढ. इथे रेणू स्वतः थोडे ताणतात, एकमेकांवरून घसरतात, आणि घसरताना विरळ भाग दाट भागापेक्षा जास्त लांबतो. त्याच वेळी तंतुकं एकमेकांवरून, तंतू एकमेकांवरून सरकतात. 67 नॅनोमीटरचा ठेका किती वाढला ते मोजलं आणि अख्खी कंडरा किती वाढली त्याच्याशी ताडून पाहिलं, तर तंतुकाच्या वाट्याला निम्म्याच्याही आत येतं. कुठली कंडरा आणि किती वेगाने ओढली यावर हे प्रमाण बदलतं.

रावेरकर

67 नॅनोमीटरमधली एखाद टक्क्याची वाढ मोजतात? आमच्याकडे वजनकाट्यावर केळीच्या गाडीमागे पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात आणि कोणी हूं की चूं करत नाही.

पांझराकाठ

रावेरकर भाऊ, प्रश्न रास्त आहे. हिशोब करून दाखवतो.

क्ष-किरणाची तरंगलांबी घ्या 0.1 नॅनोमीटर. 67 नॅनोमीटरवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेतून तो किरण 0.1 भागिले 67, म्हणजे सुमारे 0.0015 रेडियनने वळतो. अंशात सांगायचं तर एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. कंडरेपासून 3 मीटरवर शोधक पडदा ठेवला तर पहिला ठिपका मधल्या बिंदूपासून साडेचार मिलिमीटरवर पडतो. ठेका 1 टक्का वाढला की हा ठिपका 0.045 मिलिमीटर आत सरकतो. हे पकडणं कठीण. पण कोलाजेनचा ठेका इतका नेटका असतो की दुसरा, तिसरा, पाचवा असे बरेच ठिपके मिळतात, आणि पाचव्याचं सरकणं पाचपट. 0.22 मिलिमीटर मोजता येतं.

अडचण वेळेची. प्रयोगशाळेतल्या साध्या क्ष-किरण नळीला असं चित्र घ्यायला फार वेळ लागतो, तोवर कंडरा ढिली पडते. म्हणून सिंक्रोट्रॉन लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून क्ष-किरण काढणारं मोठं यंत्र. तिथे झोत इतका प्रखर की ओढता ओढताच चित्रं निघतात. आपल्याला जवळचा म्हणजे इंदूरचा इंडस-2, आग्रा रोडने सेंधव्यावरून पुढे. जाऊन बघण्याची फार इच्छा आहे.

शहादा_बाई

मी शाळेत विज्ञान शिकवते. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेली पहिली पायरी नुसत्या डोळ्यांनी दिसते, सिंक्रोट्रॉन नको. मटणवाल्याकडून बकऱ्याच्या पायाची ताजी शीर मागून घ्यायची. वरचा पातळ पापुद्रा सोलायचा आणि आतला एक बारीक पदर सोडवून ओलाच काळ्या कागदावर ठेवायचा. खिडकीतून तिरपा उजेड पडेल असा कागद फिरवत राहायचं. एका विशिष्ट कोनात त्या पांढऱ्या पदरावर बारीक आडव्या रेघा उमटतात, रेशमावर असते तशी लकाकी येते. भिंग असेल तर उत्तमच. आता दोन्ही टोकं चिमटीत धरून अगदी हळू ओढायचं. रेघा एका क्षणात पुसल्या जातात. सोडलं की परत येतात.

आठवीच्या पोरांनी एवढी झुंबड केली की माझा तास पुढच्या तासात गेला. वास मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत वर्गात होता, त्यावरून मुख्याध्यापकांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

सूक्ष्मदर्शी

बाई, हे फार भारी. मी पाच वर्षं कंडरेवर काम केलं पण काळ्या कागदावर ठेवायचं कधी सुचलं नाही.

ढोरडाक्टर

शहाद्याकडे पशुवैद्य आहे. तुम्ही सगळे माणसाच्या टाचेत अडकलात. ही शीर खरी कसाला लागते ती घोड्याच्या पुढच्या पायात.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार भरतो. नवखा माणूस घोड्याचा रंग बघतो, भोवरे बघतो, रेवाल चाल बघून खूश होतो. मुरलेला गिऱ्हाईक आधी उकिडवा बसतो, पुढच्या पायाच्या नळीमागे अंगठा आणि तर्जनी लावतो आणि गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत सावकाश हात उतरवतो. पाय जमिनीवर टेकलेला असताना एकदा, उचलून ढिला केल्यावर एकदा. मग दुसरा पाय, कारण फरक दोन पायांतच कळतो. कुठे बोटाएवढी जागा जाड लागली, जरा कोमट लागली, की तो काही न बोलता उठतो आणि किंमत पाडतो.

तो शोधतोय ती मागची वरची शीर. घोडा चौखूर पळताना ही 16 टक्क्यांपर्यंत लांबते अशी मोजणी झालेली आहे. दुसरी एखादी कंडरा इतकी लांबवली तर तुटून पडेल. ही नुसती बांधून ठेवणारी शीर नाही, उडी साठवणारी आहे. पाय टेकला की ताणते, उचलला की ताण परत देते. दहातले नऊ भाग परत मिळतात. राहिलेला एक भाग उष्णता होऊन आतच राहतो. पळणाऱ्या घोड्याच्या या शिरेच्या गाभ्यात 45 अंशांपर्यंत तापमान मोजलंय. 1994 चं काम आहे, विल्सन आणि गुडशिप यांचं. शिरेत रक्तपुरवठा कमी, उष्णता काढून न्यायला कोणी नाही.

पांझराकाठ

डॉक्टर, 45 अंश वाचून थबकलो, कारण याला एक जोड आहे. कोलाजेनचा एकटा रेणू पाण्यात सुटा ठेवला तर तो शरीराच्या तापमानालाच हळूहळू उकलायला लागतो. 2002 मध्ये हे नीट मोजलं गेलं तेव्हा बऱ्याच जणांना पटेना. शरीरातलं सर्वांत मुबलक प्रथिन शरीराच्याच तापमानाला टिकत नाही! ते टिकतं शेजाऱ्यांमुळे. तंतुकात दाटीवाटीने बसल्यावर उकलायला जागाच मिळत नाही, म्हणून मग 60 अंशांच्या पुढे जावं लागतं. पाया सूप उकळताना शीर मऊ होऊन रस्सा चिकट होतो ते तेव्हाचं.

म्हणजे 45 अंशाला कोलाजेन शाबूत राहील, पण तिथल्या पेशींचं काय?

ढोरडाक्टर

पेशी बऱ्याच चिवट निघतात. पण रोज रोज तापवलं तर त्यांचं दुरुस्तीचं काम बिघडतं असा संशय आहे. घोड्याची शीर बहुतेक वेळा गाभ्यातूनच बिघडते, हे मी सोनोग्राफीत नेहमी बघतो. कडा चांगल्या, मध्ये काळा डाग.

रावेरकर

घोडे श्रीमंतांचे. बैलाचं सांगा.

ढोरडाक्टर

बैलाचं तर फारच चांगलं काम झालंय, आणि ते याच धाग्याच्या विषयावर. कॅनडात हॅलिफॅक्सला सॅम्युअल वेरेस यांच्या गटाने गुरांच्या कंडरा वारंवार ओढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिल्या. आधी शेपटीच्या घेतल्या. तंतुकं सरळ तुटत नाहीत, ठरावीक अंतराने त्यांना मोड पडतात. दर ओढीला मोडांची संख्या वाढत जाते. त्या मोडांच्या जागी रेणूंचा पीळ उकलून गेलेला असतो.

पुढे 2016 मध्ये त्यांनी पुढच्या पायातल्या दोन शिरा शेजारी ठेवल्या. एक पुढची, खूर पुढे टाकणारी, जिला फार ओझं नसतं. एक मागची, अंगाचं वजन झेलणारी. तोडल्यावर पुढचीच्या तंतुकांना मोडच मोड. मागचीला जवळजवळ नाहीत. एकाच बैलाचा एकच पाय, तेच कोलाजेन, तरी वागणूक वेगळी.

सूक्ष्मदर्शी

कारण आडव्या बंधांत आहे. शेजारच्या रेणूंच्या टोकांना लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) सांधतं. त्याला तांबं लागतं. वजन झेलणाऱ्या कंडरेत हे बंध जास्त पक्के, जास्त मुरलेले असतात. रेणू घसरून सुटे होण्याआधीच अडतात, म्हणून उकलत नाहीत.

जाता जाता सरांच्या दोराबद्दल एक सांगतो. दोरात अंबाडीचे तुकडे आखूड असूनही दोर लांब होतो तो पिळाच्या घर्षणावर. तंतुकात रेणू आखूड असूनही तो लांब होतो तो या रासायनिक बंधांवर. दोर भिजवला, झिजवला, तरी परत वळता येतो. आडवा बंध तुटून रेणू उकलला की परत वळणारा कोणी नाही. पेशीने तो भाग कापून काढायचा आणि नवीन बनवायचा.

आणि एक वाद अजून मिटलेला नाही. तंतुकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातात, की मध्येच संपतात आणि मधल्या चिकट थरातून बळ एकाकडून दुसऱ्याकडे जातं? बरीच वर्षं धरून चाललं होतं की तंतुकांमधले साखरी धागे बळ पोचवतात. मग काहींनी विकर घालून ते धागेच काढून टाकले. कंडरेची ताठरता फारशी हललीच नाही. मी अखंड बाजूचा. सर सरकण्याच्या बाजूचे दिसतात.

पांझराकाठ

अखंड असली तरी शेजारची तंतुकं वेगवेगळ्या प्रमाणात नागमोडी असली की सरकणार नाहीत का? एक आधी ताणतं, दुसरं नंतर. त्या फरकातच सरकणं आलं. तुमचं मत आणि मोजणी दोन्ही एका वेळी खरी असायला हरकत नाही.

सूक्ष्मदर्शी

हे मान्य. पण बळ किती पोचतं आणि किती सरकतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लेखांमध्ये नेमके तेच एकत्र करतात.

टाचदुखीवाली_ताई

जळगावात फिजिओथेरपी करते. भरतीवाला, आता तुझ्याकडे येऊ.

तुझं वजन 65 किलो धर. पळताना टाचेच्या शिरेवर साधारण अंगाच्या वजनाच्या सहा ते आठ पट बळ येतं, म्हणजे साडेचार हजार न्यूटनच्या आसपास. शिरेचा छेद 65 चौरस मिलिमीटर धरला तर दर चौरस मिलिमीटरला 70 न्यूटन. कंडरा तुटते सुमारे 100 ला. म्हणजे तू प्रत्येक पावलाला मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जाऊन परत येतोस. इतर अवयवांना आपण एवढं घासून वापरत नाही.

आता वरचे सगळे लोक जे मोड, उकललेला पीळ म्हणतायत, ते तुझ्याकडे दुखण्याच्या आधी सुरू होतं. 2017 मध्ये उंदराच्या शेपटीवर एक छान प्रयोग झाला. उकललेल्या कोलाजेनलाच चिकटणारा एक चमकणारा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, घालून पाहिलं. कंडरा अजून तुटलेली नसताना, बाहेरून शाबूत दिसत असताना, ओढीगणिक चमक वाढत गेली. ही चमक सोनोग्राफीत दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही.

दुरुस्तीचं वेळापत्रक लक्षात ठेव. जोराचा व्यायाम झाला की कोलाजेन बनण्याचं काम वाढतं आणि दोन-तीन दिवस वाढलेलं राहतं. पण तोडफोडही वाढते, आणि पहिले 24 ते 36 तास तोडफोडच पुढे असते. रोज पहाटे जीव तोडून पळालास तर तू कायम त्या तोट्याच्या तासांतच पुढचा ताण देतोस. एक दिवस वेगाचं पळणं, दुसरा दिवस गोळा, वरच्या अंगाचा व्यायाम, हलकं चालणं. भरतीत 1600 मीटर एकदाच पळायचंय.

भरतीवाला_शिरपूर

ताई मग पूर्ण बसून राहू का महिनाभर?

टाचदुखीवाली_ताई

बिलकूल नाही. तेही नुकसानच.

यामागे एक गमतीचं निरीक्षण आहे. कोलाजेन खाणारं विकर ताणाखाली असलेल्या तंतुकाला सहजासहजी हात लावत नाही, ढिल्याला आधी खातं. 2009 च्या सुमारास हे दाखवलं गेलं. म्हणजे वापरात असलेला पदर राखला जातो, बिनवापराचा साफ होतो. पूर्ण आराम दिला तर कुठला पदर ठेवायचा हे शिरेला कळत नाही.

सूक्ष्मदर्शी

ताई, एक पुस्ती. एकट्या सुट्या रेणूवर बळ लावून बघितलं तेव्हा माणसाच्या विकराने उलट जास्त वेगाने कापलं, असाही निकाल 2011 मध्ये आला. तंतुकात एक, एकट्या रेणूत दुसरं. बहुधा दाटीत बसलेल्या रेणूचा पीळ बळाने घट्ट होतो, सुट्याचा सैल पडतो. पण हा विषय अजून उकळतोय.

टाचदुखीवाली_ताई

चालेल, शिरपूरच्या पोराला दोन्हीकडून एकच सांगणं आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा वर न्यायच्या आणि दुखऱ्या पायावर भार टाकून सावकाश खाली सोडायच्या. स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये हे मांडलं: 15 चे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे रोज 180. पुढे जास्त वजन घेऊन आठवड्यातून तीनदाच पण अगदी हळू करण्याची पद्धत आली आणि तिचा निकालही तितकाच चांगला लागला. मला दुसरी पटते, कारण पोरं 180 चा आकडा पाळतच नाहीत. हळू का? वेगात ओढलं की मधल्या थराला सरकायला वेळ मिळत नाही, कंडरा ताठ वागते. हळू ओढलं की सरकणं होतं आणि आतले पदर ओझं वाटून घेतात.

आणि तेल लावून शीर चोळून चोळून लांब करणारे बाबा गाठू नकोस.

रावेरकर

ताई, घड वाहणाऱ्या मजुरांबद्दल विचारतो. बागेतून गाडीपर्यंत दिवसभर ओझी वाहतात, वीस-वीस वर्षं. त्यांच्या शिरा जाड होत असतील ना? पोलाद होत असतील?

पांझराकाठ

जाड थोड्या होतात, ताठ जरा जास्त होतात. पण गाभ्याबद्दल जे कळलंय ते ऐका.

1955 ते 1963 मध्ये उघड्यावर अणुचाचण्या झाल्या आणि हवेतला कार्बन-14 जवळजवळ दुप्पट झाला. नंतर तो कमी होत गेला. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या ऊतींत त्या त्या वर्षाच्या हवेचा शिक्का बसलेला असतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या टाचेच्या कंडरेचा गाभा तपासला. त्यातला कार्बन आयुष्याच्या पहिल्या 17 वर्षांतल्या हवेचा निघाला. त्यानंतर गाभ्यात नवीन कोलाजेन जवळजवळ बसतच नाही. स्नायू बदलतो, कातडी बदलते, हाडसुद्धा बदलतं. शिरेचा गाभा बारावीला असताना होता तोच साठीत.

म्हणून मजुराच्या पोराने चौदाव्या-पंधराव्या वर्षी काय उचललं आणि काय खाल्लं, हे त्याच्या चाळिशीपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरू शकतं. हे मी अंदाजाने म्हणतोय, मजुरांवर असं काही मोजलेलं माझ्या वाचनात नाही.

रावेरकर

म्हणजे माझी शीर अजून नववीत आहे. गणितात नापास झालो ते वर्ष.

अहिराणी_मानूस

😂

चोपडा_एक्सप्रेस

कोलाजेनच्या पावडरीबद्दल कोणी बोलेल का? जिममध्ये डबाच विकत होते, दोन हजारांच्या वर.

टाचदुखीवाली_ताई

पोटात गेलं की त्याची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात, तो पीळ काही तसाच शिरेत जाऊन बसत नाही. एक छोटा अभ्यास आहे, 2017 चा, फक्त आठ पुरुषांवर. व्हिटॅमिन सी घातलेलं 15 ग्रॅम जिलेटिन व्यायामाच्या तासभर आधी घेतल्यावर रक्तातली कोलाजेन बनण्याची खूण दुप्पट झाली. ती खूण शिरेचीच का हाडाची, हे त्यातून कळत नाही. साखळ्यांचा पीळ टिकायला प्रोलीनवर हायड्रॉक्सिल बसावा लागतो आणि त्यासाठी सी लागतं, म्हणून पेरू, लिंबू, आवळा सोडू नकोस. डब्याचे पैसे बुटाला लाव.

आणखी एक, हे गंभीर आहे. ताप-जुलाबासाठी दुकानातून परस्पर घेतलेली सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांच्या गटातली अँटिबायोटिक्स कंडरेला धोकादायक ठरू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने 2008 मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. ती गोळी घेताना टाचेमागे दुखायला लागलं तर पळणं थांबवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं.

अहिराणी_मानूस

हसण्यावारी नेलं पण एक खरा प्रश्न आहे. आमच्या आप्पांना शुगर आहे, पंधरा वर्षं झाली. शेतात चालताना म्हणतात पायाची शीर लाकडासारखी झाली. फिजिओ ताईंनी किंवा सरांनी सांगावं, या नॅनोच्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे का?

पांझराकाठ

आहे, आणि थेट आहे. वर सूक्ष्मदर्शींनी सांगितलेले आडवे बंध विकर ठरावीक जागी, रेणूंच्या टोकांशी घालतं. साखर असे बंध कुठेही, विकराशिवाय घालते. रक्तातली साखर प्रथिनाला चिकटते, मग वर्षानुवर्षं त्यावर रासायनिक बदल होत होत शेजारच्या दोन साखळ्या कायमच्या जोडल्या जातात. अशा बंधांनी रेणू आणि तंतुकं एकमेकांवरून सरकेनाशी होतात. ताण वाटून घेण्याची सोय गेली की जे सरकायचं ते रेणूंनाच ताणून घ्यावं लागतं.

आप्पांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट काढता ना, एचबीए1सी? तोही साखर चिकटलेल्या प्रथिनाचाच असतो, फक्त तिथे प्रथिन हिमोग्लोबिन आहे. तांबडी पेशी 120 दिवसांनी मरते, म्हणून तो रिपोर्ट सुधारू शकतो. शिरेच्या गाभ्यातलं कोलाजेन मरतही नाही, बदलतही नाही. पंधरा वर्षांची साखर तिथे साठत जाते.

टाचदुखीवाली_ताई

आप्पांना आधी पायाच्या संवेदना तपासून घ्यायला सांगा, तळव्याला टोचलेलं कळतं का ते. शीर ताठ झाली की चवड्यावर भार जास्त पडतो आणि तिथेच जखमा होतात, त्या कळत नसतील तर चिघळतात. शेतात अनवाणी अजिबात नको. घोटा वाकवण्याचे हलके व्यायाम रोज चालतील, झटका देऊन ताणायचं नाही. जळगावला आणता आलं तर मला मेसेज करा, वेळ देते.

अहिराणी_मानूस

मेसेज केला ताई. आप्पा म्हणतात चपला घालून काकडीच्या वाफ्यात चालता येत नाही, त्यावर पण काही सांगा.

टाचदुखीवाली_ताई

मऊ तळाचे बंद बूट मिळतात, अर्धा नंबर मोठा घ्या, आत सुती मोजे. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. आत खडा गेला तर त्यांना कळणार नाही.